पात्यांची सरमिसळ

आजूबाजूचे सगळे त्याला जाळीवालाच म्हणत. दारावरच्या झरोक्याची लाकडी जाळी, कपाटावरची वेलबुट्टी, दुकानाच्या पाटीवरची सुटी अक्षरं, असलं नाजूक कापकाम तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून करायचा. तिथे त्याचं स्क्रोल सॉचं यंत्र होतं. दिसायला शिलाई मशीनचं थोरलं भावंड, फक्त सुईच्या जागी दोऱ्यासारखं बारीक करवतीचं पातं. ते वरखाली नाचत राहायचं आणि जाळीवाला दोन्ही हातांनी लाकूड असं फिरवायचा, की बघणाऱ्याला वाटावं, हे लाकूड नव्हेच, लोणी आहे.

त्याची बायको शेजारच्या स्टुलावर बसायची. कापलेल्या तुकड्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या आणि वर पॉलिशचा हात मारायचा, हे काम लग्न झाल्यावर तिच्याकडे आलं ते कायमचंच. दोघांना मूलबाळ नव्हतं. दिवसभर यंत्राची घरघर, तिच्या पेपरची खसखस आणि अधूनमधून त्याचं 'अगं, चहा टाकतेस का?' एवढ्यात त्यांचा संसार मावत होता.

माणूस तसा गरीब स्वभावाचा. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट्याने जेवायचा. पण पात्यांच्या बाबतीत कर्दनकाळ! त्याने सागाचा एक जाड ठोकळा घेऊन त्याला तिरकी भोकं पाडली होती आणि प्रत्येक भोकात आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी बसवली होती. नळ्यांच्या बुचांना वेगवेगळे रंग दिलेले. अगदी केसासारख्या पात्यांना पांढरं बूच, त्याहून जाड ती पिवळी, मग हिरवी, असं करत करत जाडजूड लाकडाच्या पात्यांना काळं. पीळ दिलेली पाती वेगळी, टोकाला आडवी पिन असलेली वेगळी, आणि खालचे दोनचार दात उलटे असलेली, लाकडाची खालची बाजू फाटू नये म्हणून, तीही वेगळी. प्रत्येक नळीच्या तळाशी खडूचा तुकडा, ओल धरू नये म्हणून. सगळी पाती दात खाली करून उभी. एकदा बायकोने घाईत एक हिरवं पातं पिवळ्यात टाकलं, तर गडी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

"एवढंसं पातं ते!" संध्याकाळी ती म्हणाली होती.

"एवढंसं आहे म्हणूनच. मोठी करवत चुकीची उचलली तर डोळ्यांना दिसतं. हे चुकलं तर माल वाया गेल्यावर कळतं."

असा हा माणूस एक दिवस पातं उलटं लावून बसला. दात वर. यंत्र सुरू केलं तसं लाकूड थाडथाड उडायला लागलं. त्याने यंत्र बंद केलं, पातं बदललं, पुन्हा उलटंच लावलं. ती बघत होती. आधी तिला हसू आलं. मग त्याने तिसऱ्यांदाही तेच केलं, तेव्हा तिने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

त्यानंतर एकेक गोष्ट हातातून सुटत गेली. पाटीवरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं कापलं गेलं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा आणि तिच्याकडे बघायचा, जणू पुढचं वाक्य तिच्याजवळ ठेवायला दिलंय. शेवटी बोट पात्याखाली गेलं. फार खोल नाही गेलं, पण रक्त वाहत असताना तो हाताकडे बघत राहिला. "हे कुणाचं गं?" म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढले आणि शांतपणे सांगितलं, की विसरण्याचा हा आजार आता मागे फिरणार नाही. यंत्रापासून लांब ठेवा, पण हात रिकामे ठेवू नका, एवढंच त्यांना सांगण्यासारखं होतं.

जाळीवाल्याला एक धाकटा भाऊ होता. त्याचं मोटरी बांधायचं दुकान होतं, पंख्याच्या, पंपाच्या, कुठल्याही. लहानपणापासून जाळीवाला त्याला 'धाकट्या' म्हणायचा, म्हणून वहिनी सोडून सगळं जग त्याला धाकट्याच म्हणे, डोक्याचे केस पांढरे झाले तरी. तो आला, यंत्राची मोटर काढून काखोटीला मारली आणि म्हणाला, "दादा, मोटर जळलीय. बांधून आणतो."

"कधी आणशील?"

"आणतो की लवकर."

मोटर चांगली ठणठणीत होती. ती दुकानाच्या माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. दर सुटीच्या दिवशी धाकटा यायचा, भावाला आंघोळ घालायचा, दाढी करायचा, आणि दर वेळी जाळीवाला विचारायचा, "मोटर?" धाकटा म्हणायचा, "तार मिळत नाहीये रे." ह्या खोटेपणाचं ओझं त्याने असं सहज उचललं होतं, की वहिनीला त्याचा हेवा वाटायचा.

यंत्र थांबलं आणि जाळीवाल्याच्या पायाला भिंगरी लागली. दारापासून शेडपर्यंत, शेडपासून दारापर्यंत. कडी काढून बाहेर जायचा. एकदा तर चौकात, गाड्यांच्या मधोमध, लाकूड धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून उभा सापडला. तिने आतून कुलूप घातलं, तर तो दार ठोठावत राहिला. "मला घरी जायचंय," म्हणे. घरातच उभा राहून!

एक दिवस शेड झाडताना तिच्या कोपराचा धक्का लागला आणि ठोकळा आडवा झाला. बुचं सुटली आणि पाती फरशीवर पसरली. आता हा आकाशपाताळ एक करणार, म्हणून ती जागीच थिजली. तो मात्र खाली मांडी घालून बसला. एक पातं उचललं, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हलकेच ओढलं. दात कुठल्या बाजूला अडतात ते बोटाला कळलं. उजेडात धरलं, जाडी पाहिली आणि पिवळ्या बुचाच्या नळीत सोडलं. दात खाली. मग दुसरं.

जेवायची वेळ झाली तरी तो उठला नाही. ज्याला बायकोचं नाव दोनदोनदा विचारावं लागे, त्याची बोटं एकदाही चुकली नाहीत. दाराला हात लावला नाही, घरी जायचंय म्हणाला नाही. शेवटचं पातं नळीत पडलं तेव्हा त्याने ठोकळ्यावरून हात फिरवला आणि तिला म्हणाला, "आता बघ कसं झालं."

ती कितीतरी दिवसांनी तशी निवांत बसली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच येरझार. पाती जागच्या जागी, करायला काही नाही. दुपारी त्याचा डोळा लागला. ती शेडमध्ये गेली, दार ओढून घेतलं आणि सगळ्या नळ्या परातीत रिकाम्या केल्या. स्वतःच्याच घरात चोरी करायची म्हणजे कसं वाटतं, ते तिला त्या दिवशी कळलं. परात हलवली, पाती एकमेकांत नीट गुंतवली आणि तशीच मेजावर ठेवून दिली.

तो उठला, शेडमध्ये आला. "अरे देवा," म्हणाला, आणि स्टूल ओढून बसला.

मग ते रोजचंच झालं. तो झोपला की ती मिसळायची, तो उठला की निवडायचा. निवडताना तो कधी कधी तिला शिकवायचा. "हे बघ, पीळवाल्याला सगळीकडून दात असतात. ह्याला कुठेही वळवा, कापतंच. पण रेघ सरळ येत नाही." ती मान हलवायची. हे सगळं तिने हजारदा ऐकलेलं, तरी विचारायची, "मग सरळ रेघेला कुठलं?" त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजळायचं, की दुपारच्या चोरीची टोचणी तेवढ्यापुरती बोथट व्हायची.

पण विसरणाऱ्या माणसाच्या मनातही काहीतरी साठत जातं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. काल काय जेवलो ते त्याला आठवत नसे. रोज कुणीतरी आपलं काम नासवतंय, एवढं मात्र त्याच्या आत कुठेतरी बसत चाललं होतं.

"कोणीतरी येतं," तो एकदा म्हणाला. "मी नसताना येतं आणि पाती मिसळतं."

"कोण येणार इथे?"

"येतं कोणीतरी. माझ्या वाईटावर आहे."

तिने विषय बदलला. आता थांबवावं, असं ठरवलंही. दोन दिवस मिसळली नाहीत. तिसऱ्या दिवशी तो खिडकीच्या गजांत डोकं घालून ओरडायला लागला, इतका की शेजारपाजारचे जमले. तिने परात पुन्हा काढली.

मग तो सुटीचा दिवस आला. धाकटा नेहमीसारखा दाढीचं सामान घेऊन शेडमध्ये आला. मेजावर पाती पसरलेली होती आणि जाळीवाला ती निवडत होता. धाकट्याने जागा करायला म्हणून ठोकळा जरा सरकवला. बस्स, तेवढंच निमित्त झालं.

"तूच!" जाळीवाला उठून उभा राहिला. "मोटर नेलीस, आता पाती नासवतोस! माझं काम बघवत नाही तुला. लहानपणापासून बघवत नाही!"

"दादा, अरे मी..."

मेजाला लावायचा लोखंडी शिकंजा हाताशी होता. तो त्याने भिरकावला. धाकट्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं.

ती धावत आली. जाळीवाल्याने तिचं मनगट घट्ट धरलं. कितीतरी दिवसांनी त्याने तिला असं ओळखून, हक्काने धरलं होतं. "ही साक्षीला आहे! सांग गं ह्याला. सांग, कोण करतं ते!"

'मी' एवढा एकच शब्द होता. तो जिभेवर आलाही. पण त्याच्या डोळ्यांत तिला दिसलं, की साऱ्या जगात आता एकाच माणसावर त्याचा भरवसा उरलाय. तो शब्द उच्चारला, तर त्याला औषध कोण देणार, घास कोण भरवणार? आणि खरं सांगायचं तर, एवढा शहाणा विचारही तिने त्या क्षणी केला नसेल. ती घाबरली, हेच खरं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता जा."

धाकट्याने रुमाल कपाळावर दाबला, तिच्याकडे बघितलं आणि निघून गेला. जाळीवाला समाधानाने खाली बसला. "बघितलंस? तुझ्यापुढे बोलती बंद झाली."

दोन दिवसांनी शेजारच्या बाईला घरात बसवून ती दुकानात गेली. धाकटा एका पंपाच्या मोटरीत तार भरत होता. भुवईवर टाके पडले होते.

"भाऊजी, पाती मी मिसळते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "रोज. त्यांना काहीतरी काम मिळावं म्हणून."

त्याचे हात थांबले.

"त्या दिवशी का नाही बोललात?"

ती खांबाला टेकली. ती रडलीही नाही. तशीच उभी राहिली. शेवटी त्यानेच स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. वहिनी, मला राग आलाय. खोटं कशाला बोलू? पण ऐका. त्याला कुणावर तरी चिडायचंच आहे. तुमच्यावर चिडला तर उपाशी मरेल. माझ्यावर चिडला तर काय, मी येणार नाही."

"आणि आंघोळ? दाढी? मला एकटीला झेपत नाही हो ते."

"ते माझ्याने आता होणार नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा तार भरायला लागला.

त्यानंतर ती एकटी पडली. दाढी वाढली. आंघोळीला तो ढकलायचा. एकदा न्हाणीघरात दोघंही पडली आणि तिची कंबर कायमची धरली. वाकून परात उचलताना तोंडातून कण्हणं निघायचं, तरी दुपारचं मिसळणं चुकलं नाही. जाळीवाला पाती निवडता निवडता भावाला शिव्या घालायचा आणि तिच्याकडे बघायचा, आणि तिला म्हणावं लागायचं, "हो ना. वाईटच माणूस." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. पुढे पुढे ते सवयीने निघायला लागलं, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटायचं.

मग एका दुपारी, परातीत पाती कालवत असताना, दारात सावली पडली. तो उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

तिने हात मागे घेतले नाहीत. मनात म्हणाली, सुटले एकदाची. "अहो," ती म्हणाली, "मीच करत होते हे. भाऊजींनी काही केलं नाही. त्यांचा काही दोष नाही. सगळं मी केलं."

तो पुढे आला. परातीत डोकावला. मग तिच्याकडे बघून हसला, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं.

"नवीन लागलीस का कामाला? अशी एकत्र नाही ठेवायची. आमची ही बघेल तर रागावेल. सरक, दाखवतो."

"अहो, मीच ती. आणि भाऊजी..."

"कोण भाऊजी?"

"धाकटा. तुमचा भाऊ."

त्याने जरा आठवून बघितलं. नावामागचा चेहरा काही त्याला सापडला नाही. पण कपाळावर आठी चढली. "त्याला आत घेऊ नकोस. चोर आहे तो." कोण चोर, काय चोरलं, सगळं पुसलं गेलं होतं. राग तेवढा शिल्लक होता, मालक नसलेल्या सामानासारखा.

इतके दिवस ज्या शब्दाला ती भीत होती, तो शब्द बोलून झाला आणि काहीच घडलं नाही. तो निवडत बसला. ती त्याच्यासमोर नवीन पोरीसारखी बसून राहिली.

पुढे बोटांचाही भरवसा राहिला नाही. पांढऱ्यातलं काळ्यात जायला लागलं. मग एकदा त्याने पातं तोंडात घातलं. ओठ चिरला. तिने कसंबसं जबडा उघडून ते बाहेर काढलं आणि त्याच दिवशी धाकट्याला निरोप धाडला, की घरातली सगळी पाती घेऊन जा. तो मागच्या दाराने आला. ठोकळा, नळ्या, मेजाच्या फटीत अडकलेले तुकडेसुद्धा त्याने वेचून पिशवीत भरले. जायला निघाला, तर पुढच्या खोलीतून आवाज आला, "कोण आलंय?"

दोघंही खिळल्यासारखी झाली. जाळीवाला भिंतीला धरत दारात आला होता. धाकट्याला त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या ना, बसा," तो म्हणाला. "उभे का? अगं, पाहुण्यांना चहा टाक."

धाकटा बसला. भावाच्या ओठाची चिरलेली बाजू, रानासारखी वाढलेली दाढी बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमची दाढी करून देऊ का?"

"तुम्ही न्हावी काय?"

"हो."

"मग करा की."

त्या दिवसापासून तो पुन्हा येऊ लागला, परका होऊन. भावाला 'तुम्ही' म्हणायचा, आंघोळ घालायचा, चहा प्यायचा. जाळीवाला त्याच्याशी मोठ्या अदबीने वागायचा. एकदा गालाला साबण लावलेला असताना म्हणाला, "मला एक धाकटा भाऊ आहे. मोटरी बांधतो. चांगला पोरगा आहे. हल्ली येतच नाही. काय झालं कुणास ठाऊक."

वस्तरा धाकट्याच्या हातात तसाच अधांतरी राहिला. "येईल," तो म्हणाला.

"तुम्हाला भेटला तर सांगा, दादा वाट बघतो म्हणून."

स्वयंपाकघरात ती कट्ट्याला धरून उभी होती. चहा उतू गेला, तरी तिने गॅस बंद केला नाही.

थंडीत जाळीवाल्याच्या छातीत कफ साठला. चारदोन दिवस घरघर करत राहिला आणि गेला. शेवटी तो कुणालाच ओळखत नव्हता.

भेटायला माणसं आली. त्यात आतेसासूबाईही होत्या, जाळीवाल्याच्या वडिलांची बहीण, तोंडाने फटकळ. धाकटा कोपऱ्यात बसला होता. त्या त्याच्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सख्खा भाऊ हो! आजारपणात महिनोन् महिने फिरकला नाही म्हणतात. आता काय उपयोग बसून?"

धाकट्याने मान खाली घातली. खोलीत कुजबुज झाली.

"त्यांना मी घालवलं," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग तिने सांगितलं, पहिल्यापासून. मोटर, परात, दुपारची झोप, शिकंजा, आणि त्या वेळी गिळलेला एक शब्द. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत.

आतेसासूबाईंचा चेहरा कडवट झाला. "म्हणजे तूच रोज मिसळायचीस? वेड्या माणसाला असं खेळवायचं? आणि आळ ह्याच्यावर?"

"हो," ती म्हणाली.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि पदर सावरत उठल्या. त्यांच्या मागोमाग आणखी दोघीचौघी उठल्या. थोड्या वेळात खोली रिकामी झाली. धाकटा खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावत होता.

"कशाला बोललात, वहिनी? मला चालत होतं."

"मला नव्हतं चालत."

तो खुर्च्या लावत राहिला. राग सगळा गेलाय असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं, आणि तो जावा अशी तिची अपेक्षाही नव्हती. त्याने उरलेली खुर्ची तिच्यासाठी ठेवली, दुसरीवर स्वतः बसला, आणि बाहेर अंधारून येईपर्यंत दोघंही तशीच बसून राहिली.